ब्रेकमधली हवा

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं विमानात बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन पितळी निपल, म्हणजे तेल सोडायची बारीक तोटी, अर्धा आटा सैल करायचं. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले की निपल परत आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. पाय जरा आधी उठला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. हे दहा-वीस वेळा करायचं. काम अवघड नाही. फक्त दोन माणसं लागतात, आणि माझ्या शेडात त्या शनिवारी एकच होतं.

विमान माझं होतं. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं, अख्खं वडगाव आधीच हसून मोकळं झालेलं आहे. लढाईच्या काळात मी सांबऱ्याच्या लष्करी विमानांच्या मैदानावर तीन वर्षं कामाला होतो. विणकराच्या घरातला म्हणून आधी पंखांचं फाटलेलं कापड शिवायला घेतलं, मग माझी बोटं बघून चाकं आणि ब्रेक बघणाऱ्या टोळीत घातलं. लढाई संपली, माणसं आपापल्या मुलखाला गेली आणि मोडकी विमानं मैदानाच्या कडेला पडून राहिली. त्यातल्या एकाचं इंजिन, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याच्या नळ्या असं मी लिलावात गोळा केलं, बैलगाडीनं घरी आणलं आणि परसातल्या पत्र्याच्या शेडात दीड वर्ष खपून एक माणूस बसेल एवढं विमान उभं केलं. पंख काढून भिंतीला टेकवून ठेवलेले, कारण शेड तेवढं रुंद नाही. पंखांवरचं कापड अण्णानं विणलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुबराव. कापड असं घट्ट की फुंकर मारली तरी पलीकडे जायची नाही.

मैदानावर एक गोरा साहेब तेवढा उरला होता, आणि तोही महिनाअखेरीस विलायतेला जाणार होता. माणूस भला. मला म्हणाला, सोमवारी विमान घेऊन ये. ब्रेक दाबून इंजिन पुरं चालवून दाखव. विमान जागचं हललं नाही तर मैदानावर फिरवू देईन, हललं तर गाडीत घालून घरी ने. त्याच्या जागी येणारा कोण असेल आणि तो माझ्यासारख्याला फाटकाच्या आत तरी घेईल का, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणजे सोमवारपर्यंत ब्रेक लागला पाहिजे, नाहीतर दीड वर्षाची लाकडं चुलीत.

आणि ब्रेक लागत नव्हता. पेडलवर पाय ठेवला की लोण्यात रुतल्यासारखा खाली जायचा. आत हवा होती. ती का निघत नाही याचं उत्तर मी दोन महिन्यांपूर्वीच काढलं होतं, आणि ते उत्तर होतं अण्णाचा पाय.

आई-बाप मोठ्या तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अण्णा एकोणीसचा. त्यानं मला वाढवलं, मागावर बसवलं, पुढं मी माग सोडून सांबऱ्याला गेलो तेव्हाही एका शब्दानं अडवलं नाही. शहापूर-वडगावात त्याच्यासारखं लुगडं विणणारा दुसरा दाखवा. व्यापारी नुसता काठ चिमटीत धरून सांगायचा, हे सुबरावचं. तर हा अण्णा माझ्या विमानात बसून पेडल दाबायला यायचा. दिवसभराचा माग उरकून, हातपाय धुऊन, देवळात जावं तसा यायचा. मी खालून ओरडायचो "दाब", तो दाबायचा. मी ओरडायचो "धर", तो म्हणायचा "धरलंय". आठ संध्याकाळी आम्ही हे केलं आणि आठही संध्याकाळी पेडल लोण्यातच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, किंवा मला तसं वाटलं. विणकराचा पाय पावडीवर, म्हणजे मागाखालच्या फळीवर, ठरत नाही. पावडी दाबली की धागे उघडतात, त्यातून धोटा पलीकडे जातो आणि धोटा गेला की पाय आपसूक उठतो. नाही उठला तर पुढचा धागा बसणार कसा? पस्तीस वर्षं जो पाय दाबला की उठतो, तो माझ्या पेडलवर धरून कसा राहील? मी निपल आवळायच्या आत तो केसभर उठत असणार आणि हवा परत आत जात असणार. हे मला इतकं पटलं की मी चाकाखालून बाहेर येऊन, शेडाच्या दारात गल्लीतली चार माणसं उभी असताना, अण्णाला बोललो.

"पस्तीस वर्सं मागावर बसलास, पर पायाला अक्कल आली न्हाय तुझ्या! एक घटका पाय थांबत न्हाय तुझा. तुझ्या पायामुळंच अडलंय समदं!"

अण्णा विमानातून उतरला. ज्या पायानं पेडल दाबत होता त्याच्याकडे खाली मान घालून एकदा बघितलं, वहाणा घातल्या आणि गेला. लोक हसले. मीही हसलो असेन, आता आठवत नाही. आठवायचं नाही म्हणून आठवत नाही, हे खरं.

त्या दिवसापासून तो शेडात आला नाही आणि मी त्याच्या घरात गेलो नाही. दोन्ही परसांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. माझं लग्न झालेलं नाही, जेवण अण्णाकडूनच यायचं, आणि ते मात्र थांबलं नाही. मालुवैनी दोन्ही वेळा भिंतीवर ताट ठेवायच्या, वर दुसरं ताट झाकून. पूर्वी हाक मारायच्या, "भाऊजी, ऊन हाय तंवर खावा." आता हाक नाही. मी ताट घासून परत भिंतीवर ठेवायचो. दोन महिने माझं आणि माणसांचं देणंघेणं एवढंच होतं. सबंध दिवसात तोंडातून शब्द निघाला तर तो हातोडा बोटावर बसला म्हणून.

भिंतीपलीकडून मागाचा आवाज मात्र यायचा, आणि तो बिघडला होता. अण्णाचा माग म्हणजे एका चालीत चालणारा. लहानपणी मी त्या आवाजावर झोपायचो. आता दोन ठोके पडायचे, थांबायचा, पुन्हा एक, पुन्हा थांबायचा. मला वाटलं, अण्णाचं वय झालं. सत्तेचाळीस म्हणजे काही फार नाही, पण मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मी तर पुढं जाऊन म्हणालो, बघा, बोललो होतो ना, पायच बिघडलाय त्याचा. कुणाला म्हणालो? पत्र्याला.

तर त्या शनिवारी सकाळी मी ठरवलं की एकट्यानं हवा काढायची. सोमवार जवळ आला होता हे एक. दुसरं म्हणजे, अण्णाचा पाय मधे नसताना ब्रेक लागला की दोष कुणाचा होता ते आपोआप सिद्ध होणार होतं. खरं सांगायचं तर मला ब्रेकपेक्षा तेच जास्त हवं होतं. ब्रेक लागावा आणि भिंतीपलीकडे ते कळावं.

एकट्यानं करायची युक्ती मैदानावरच्या एका पंजाबी फिटरनं सांगितली होती. निपलाला रबरी नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत तेलाखाली बुडवून ठेवायचं. मग पाय उठला तरी हवा आत जात नाही, गेलं तर तेल जातं. पेडलचा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं सोडवला. मागाची जुनी दोरी पेडलला बांधली, पुढच्या आडव्या लाकडाला कप्पी लावून तिच्यावरून खाली आणली आणि तिचं टोक माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलं. चाकाशेजारी गोणपाटावर उताणं झोपायचं, हातात पान्हा, डोळे बाटलीवर, आणि पाय लांब केला की वर पेडल दाबलं जाणार. कुणी बघितलं असतं तर वेड्याच्या इस्पितळात कळवलं असतं. बघायला कुणी नव्हतं.

एरंडेल आणि स्पिरिट मिसळून केलेलं ब्रेकचं तेल टाकीत काठोकाठ भरलं. त्याचा वास डोक्यात चढतो. डाव्या चाकापासून सुरुवात केली. पाय लांब केला, निपल सैल केलं, तेल बाटलीत उतरलं, निपल आवळलं, पाय जवळ घेतला. पुन्हा. पुन्हा. सवयीनं मी "दाब" म्हणालो. शेडात दुसरं कुणी नव्हतं, तरी म्हणालो. मग "धर" म्हणालो, आणि उत्तर आलं नाही तेव्हा इतकं ओकंओकं वाटलं की पान्हा छातीवर ठेवून तसाच पडून राहिलो. माणूस नसतो तेव्हा त्याचं न आलेलं "धरलंय" एवढं मोठ्यानं ऐकू येतं, असं आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसलो असतो.

पंधरा वेळा केलं. मग उठून विमानात बसलो आणि पेडल दाबलं. लोणी.

तेव्हा पहिली शंका आली. मीही सोळा वर्षं मागावर काढलेली आहेत. माझा पायही विणकराचाच. पण दोरी अंगठ्यात अडकवून मी पाय लांब धरून ठेवला होता, तो कुठं उठला? धरायचं म्हटल्यावर धरला गेला. पायाला काय, माग कुठला आणि विमान कुठलं एवढं कळतं की. मी शंका झटकली आणि परत आडवा झालो. अजून वीस वेळा. ऊन पत्र्यावर चढलं, घामानं गोणपाट भिजलं. भिंतीपलीकडे माग अडखळत चालू होता, दोन ठोके आणि थांबा. मला त्याचा राग यायला लागला.

बाटलीतलं तेल स्वच्छ होतं. एकही बुडबुडा नाही. हे मी सकाळपासून बघत होतो आणि बघून खूश होत होतो, की बघा, आता हवा आत जात नाही. पण हवा आत जात नाही आणि बाहेरही येत नाही, आणि पेडल मऊ म्हणजे हवा आत आहेच. मग ती बसली आहे कुठं? मी कुशीवर वळलो आणि पहिल्यांदाच निपल नव्हे, तर चाकामागच्या ज्या गोल ताटलीत ते बसवलंय ती ताटली नीट बघितली.

निपल ब्रेकच्या ताटलीच्या खालच्या अंगाला होतं.

विहिरीत पालथा तांब्या बुडवला तर आतली हवा तांब्याच्या बुडाशी अडकून बसते, हे वडगावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हवा वर जाते. तिला बाहेर काढायची वाट वरच्या अंगाला पाहिजे. माझी वाट खाली होती. मी आठ संध्याकाळी आणि आज सकाळभर खालून तेल काढत होतो आणि हवा वर आरामात बसून होती. अण्णा नव्हे, भीमानं पेडल धरलं असतं तरी ती निघाली नसती.

दोन्ही चाकं काढली. ताटलीच्या पाठीवर तांबड्या रंगानं मी स्वतः लिहिलेलं होतं: डावं. आणि ती ताटली डाव्याच बाजूला होती. मग चुकलं कुठं? हातात धरून बसलो तेव्हा ते मोडकं विमान डोळ्यापुढं आलं. ज्याची ही चाकं काढली ते मैदानाच्या कडेला उलटं पडलेलं होतं, चाकं आभाळाकडे. मी त्याच्या शेपटीपाशी उभं राहून, नाकाकडे तोंड करून, माझ्या डाव्या हाताच्या चाकावर डावं लिहिलं आणि उजव्या हाताच्या चाकावर उजवं. विमान उलटं होतं. म्हणजे माझं डावं ते त्याचं उजवं होतं. पुढं घरी बसवताना तेलाची नळी पुढच्या बाजूला यायला लागली, तेव्हा मी शहाण्यानं ताटली अर्धी फिरवून नळी मागं आणली, आणि त्याबरोबर निपल खाली गेलं. हे सगळं माझ्या हातानं. अण्णा तेव्हा शेडातही नव्हता, तो पंखांचं कापड विणत बसला होता.

ताटल्या अदलाबदल करून बसवल्या. निपलं वर आली. दोरी अंगठ्यात अडकवली, पाय लांब केला, आणि पहिल्याच दाबाला बाटलीत बुडबुड आवाज झाला. मोठमोठे बुडबुडे. दोन महिन्यांची हवा दहा मिनिटांत निघाली. दुसऱ्या चाकाचीही तशीच. मग विमानात चढून पेडल दाबलं. बोटभर खाली गेलं आणि दगडासारखं थांबलं.

आनंद व्हायला पाहिजे होता. मी तिथंच बसून राहिलो, दोन्ही पाय पेडलवर, आणि मला माझी लाज वाटली. असं लिहायला सोपं जातं, पण लाज वाटणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चार माणसांत बोललो होतो. ज्या पायाच्या जोरावर मी चार वर्षांचा असल्यापासून खाल्लं त्याला अक्कल नाही म्हणालो होतो.

न सांगण्याचाही विचार केला. कबूल करतो. कुणाला कळणार होतं? चाकं बसवली होती, ताटल्या आत झाकल्या गेल्या होत्या. ब्रेक लागला एवढंच लोकांना दिसणार, आणि तम्मण्णानं, म्हणजे मी, एकट्यानं केलं म्हणून माझंच खरं ठरणार. सकाळपासून मला हेच तर हवं होतं. पण पलीकडे माग सुरू झाला. दोन ठोके. थांबा. एक ठोका. मी खाली उतरलो, तेलकट हातांनीच भिंतीवर चढलो आणि पलीकडे उडी मारून मागच्या दारानं अण्णाच्या घरात शिरलो.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मालुवैनी बसल्या होत्या.

लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळावर घाम, आणि ओठ दातात धरून त्या पायाखालची पावडी चाचपत होत्या. आमच्यात बायका सूत भरतात, मागावर बसत नाहीत. वैनींनी चाळिशी ओलांडलेली, हाताला रहाटाची सवय, पायाला कसलीच नाही. आणि अण्णा कोपऱ्यात, वैनींच्या जागी, रहाटापुढं मांडी घालून कांड्या भरत होता. चाक फिरवत होता, सूत कांडीवर चढत होतं. त्यानं मान वर करून बघितलं.

"ये," तो म्हणाला. "बस."

मी बसलो नाही. "वैनी मागावर कशापायी?"

वैनींनी हात थांबवला. "दोन म्हयनं झालं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमास्नी आवाज येत न्हवता व्हय?"

येत होता. मी त्याला अण्णाचं वय म्हणालो होतो.

"ब्रेक लागला?" अण्णानं विचारलं.

"लागला."

"धरतोय न्हवं?"

"धरतोय." मग मी एका दमात सांगून टाकलं. "अण्णा, तुझा पाय बराबर व्हता. चूक माझी. ताटल्या उलट्या बसिवल्या व्हत्या मी, हवा वर आन् वाट खाली. कुणीबी दाबलं असतं तरी लागला नसता. तुझी काय बी चूक न्हवती. मी मोकळ्या तोंडानं बोललो. गल्लीत चार मान्सांत सांगतो आता, हवं तर दवंडी देतो."

अण्णाचा रहाट थांबला नाही. "लागला न्हवं? मग लई झाक झालं," तो म्हणाला. आणि तो खरंच खूश झाला होता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला मी तोंड दिलं असतं.

"आता मागावर बस की मग," मी म्हणालो.

तेव्हा त्यानं चाक थांबवलं. उजवा पाय पुढं घेतला आणि त्याच्यावर हात फिरवला, दुखऱ्या जनावरावरून फिरवावा तसा.

"न्हाय जमत रं, तम्मा. तू बोललास, आन् दुसऱ्या दिवशी मागावर बसलो तर माझं समदं ध्यान पायाकडं. उठतोय का, कवा उठतोय, लौकर उठतोय का. ध्यान गेलं की चुकतंय. दोन लुगडी बिघडवली. पस्तीस वर्सं मला पाय हाय हे ठावंच न्हवतं. आता ठावं झालंय."

"पर चूक तुझी न्हवतीच, अण्णा!"

"व्हय की. आता कळलं." तो समजावल्यासारखं हसला. "पर पायाला कोण सांगनार?"

सोमवारी विमान बैलगाडीवर घालून सांबऱ्याला नेलं. मैदानावर चिटपाखरू नव्हतं, नुसतं वाळलेलं गवत आणि साहेब. पंख जोडले, इंजिन चालू केलं, पुरं चालवलं. लाकूड न् लाकूड थरथरत होतं, शेपटीमागं धुरळा उडत होता, आणि दोन्ही पाय दाबून मी आत बसलो होतो. विमान तसूभर हललं नाही. साहेबानं हात वर करून बंद कर म्हणून खूण केली आणि जवळ येऊन माझा हात हातात घेतला.

मग त्यानं त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, हे काम एकट्याचं नाही, पेडलवर कोण होतं?

"भाऊ होता," मी म्हणालो. "त्याचा पाय फार चांगला आहे."

"मग त्याला का नाही आणलंस? त्यानं बघायला पाहिजे होतं."

मी सांगितलं, तो घरी कांड्या भरतोय. साहेबाला ते काय कळणार? त्यानं मान हलवली, मोकळ्या मैदानाकडे हात केला आणि म्हणाला, जा, फिरव आता.